ढेप

अमळनेरच्या मिलमध्ये, रंगखात्यात,
निळीच्या पिंपाशेजारी एक कागद टांगलेला असे.
स्वित्झर्लंडहून रंगाच्या डब्यांसोबत आलेला,
घडीच्या खुणा तशाच.
एक तिरपा लाल पट्टा, खाली डाव्या कडेला
मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ.
बाकी पांढरं. नुसतं पांढरं.
बाई नाही, बाळ नाही, उगवता सूर्य नाही.

वडील, वेडू भावसार, पाळी संपली तरी
त्याच्यापुढे उभे. फूटपट्टी लावत, वीत लावत.
घरी येऊन आईला सांगत:
त्यांची अक्षरं जमिनीवर उभी राहतात,
आपली वरून लोंबतात,
दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांसारखी.
म्हणजे आपण आधी दोरी ताणायची.
आई म्हणे, आधी रॉकेल आणा.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात झुंबर वाण्याची भिंत मिळाली,
बोरीच्या पुलाअलीकडे.
सरकीच्या ढेपेची जाहिरात.
तीन दिवस वडिलांनी नुसता चुना दिला.
चौथ्या दिवशी सुतळी गेरूत बुडवून
भिंतीवर फटकन सोडली,
उभी, आडवी, पुन्हा उभी.
आम्हाला वाटलं, सोंगट्यांचा पट.
मग एक खिळा, एक दोरी आणि एक गोल,
मातकट पिवळा, घाण्यातून आत्ताच निघालेला,
उजवीकडे भिंतीबाहेर निसटणारा.
आणि डावीकडे, शिरोरेघेला लटकून,
एकच शब्द.

झुंबर वाणी सायकलवरून उतरलाच नाही.
एक पाय टेकवून म्हणाला,
"म्हैस कोठे शे?"
मग, "लक्ष्मी कोठे शे? मन्हं नाव?"
मग बराच वेळ बघून,
"पैसा आख्खी भितना, रंग आर्धी भितले?"
वडिलांनी अर्धेच घेतले.
ब्रश धुताना म्हणाले, हिशेब बरोबर आहे त्याचा.

जूनमध्ये हिवतापवाले आले.
पत्र्याचा साचा, गेरूचा डबा, एक पोरगा,
टोपी मागे सरकलेली, गल्लीभर तारखा मारत घाईत.
ती भिंत बघून थांबला.
एवढं पांढरं समोर, कुठंही मारता आलं असतं.
दोन पावलं मागं गेला, डोळा बारीक केला,
आणि अगदी खाली, "ढेप"च्या काठाला काठ लावून:
डी.डी.टी. १४-६-५९

मी पळत घरी गेलो. भिंत नासवली म्हटलं.
वडील आले. पंजानं अंतर मोजलं.
पुन्हा मोजलं.
रस्त्याकडे बघत म्हणाले,
कोना पोऱ्या शे रे हाऊ?