पिशवी बंद करावी

पूर्वी माझ्याकडे फक्त कोट असायचे.
ओल्या लोकरीचा वास, खिशात विसरलेले अक्रोड,
एकदा तर कोंबडीचं जिवंत पिल्लू.
कुताइसीच्या या थिएटरात एकतीस वर्षं
मी माणसं कोटांवरून ओळखत आले.

गेल्या थंडीपासून राखाडी पिशव्या आल्यात.
फोन आत, चुंबकाचं कुलूप, टक्क.
पिशवी ज्याची त्याच्या मांडीवर,
किल्ली माझ्या टेबलाला खिळलेली.
नवे संचालक म्हणाले, नाझिब्रोला, कुणालाही सवलत नाही,
मंत्र्याच्या मेहुण्यालासुद्धा नाही.
मेहुणा आला. टक्क.

कुणी फोनकडे शेवटचं बघून घेतात,
शाळेच्या फाटकाशी पोराचा हात सोडावा तसं.
कुणी जुना फोन पुढे करतात, खरा मोज्यात.
एक मुलगी पिशवी बंद झाल्यावरही
तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली, वर, वर, वर.
मी हसत नाही.
घरी जाताना माझाही हात
खिशात कशासाठी तरी चाचपडताना सापडतो मला.

त्या शनिवारी गुरियाचे गायक होते.
वालेरियान रांगेत शेवटचा.
नेहमी दोन तिकिटं घेणारा माणूस,
आज एकच.
फोन पुढे केला, पण सोडेना.
पडद्यावर आकडे पळत होते, चार मिनिटं बारा, तेरा, चौदा,
वर नाव: एतेरी.
आणि आतून कुणीतरी श्वास घेत होतं.

"जिना उतरवत नाही तिला," तो म्हणाला,
"चौथा मजला, लिफ्ट ही अशी.
मधला आवाज तीच लावायची, आठवतं ना?"
आठवतं. डाळिंबी कोट, तिसरी गुंडी वेगळी.

नियमाचा कागद माझ्या पाठीमागेच डकवलेला.
चष्मा लावून मी तो पुन्हा वाचला, सावकाश.
फोन पिशवीत ठेवून पिशवी बंद करावी.
पिशवी बंद.
फोनचं पुढे काय, ते लिहायला
कुणीतरी विसरलं होतं.
टक्क.
कापडाच्या शिवणीतून थोडा उजेड आला, मग विझला.
आकडे आत चालत असणार.

गाणं मी दाराच्या फटीतून ऐकते.
अंधार आता परत अंधारासारखा असतो,
कुणाच्या डोक्यावर निळा चौकोन उगवत नाही.
तळाचा आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना,
वरचा आवाज कोंबड्यासारखा छपरावर चढतो
आणि मधला या दोघांची भांडणं मिटवत बसतो.

सहाव्या गाण्यात तिघेही थांबतात,
एक श्वास मावेल एवढीच जागा.
नेमका तेव्हा सातव्या रांगेतून खोकला आला.
बारीक. बाईचा.
वालेरियान ताठ, ओठ घट्ट मिटलेले,
आजूबाजूला तर सगळ्या पुरुषांच्याच माना.
पुढच्या रांगेत संचालकांची मान वळू लागली.
मग मीच खोकले दाराशी. मोठ्यांदा. दोनदा.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी कुणाचं गाणं बिघडवलं.

कुलूप उघडताना विचारलं, ऐकू आलं का काही तिला?
त्याने फोन माझ्याच कानाला लावला.
"गाणं? गाणं विहिरीत पडल्यासारखं," एतेरी म्हणाली,
"एक शब्द कळेल तर शपथ.
ह्याच्या पोटाची गुरगुर तेवढी ऐकली, कोटाची घासाघीस,
आणि मधला आवाज आला की
हा हळूच गुणगुणायचा, बेसूर मेला.
बावन्न वर्षांत बोलला नाही कधी,
की माझी ओळ ह्याला पाठ आहे."

वालेरियान कोटाच्या बाहीत हात शोधत होता,
डावा, मग पुन्हा डावाच.
मी बाही धरली.

"आणि नाझी," फोन म्हणाला,
"दाराशी तूच खोकलीस ना?
छातीत कफ आहे तुझ्या. मध घे."