झडती

अण्णा तेहेतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात.
सुटताना रोज झडती :
हात वर, डबा उघडा, खिसे उलटे.
आणि आता सिन्नर फाट्याच्या घरात
सगळे पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलनं,
सिलिंडरच्या तारखांशेजारी.

मी फोनमध्ये तिजोरीचं अ‍ॅप घातलं.
फुकट आहे, म्हटलं, आणि त्याचा कोड
कुणीही वाचावा असा, उघडा.
ते हसले.
म्हणजे कुलूप कसं घडवलं ते चोरालाही ठाऊक?
मग स्वतःशीच,
नोट तरी कुठे लपवतो आपण,
बाजारभर फिरते.
जपायचे ते ठसे.

एकच वाक्य ठेवा, लांब. विसरलात
तर मलाही उघडता यायचं नाही,
अ‍ॅप करणाऱ्यालाही नाही.

मी पाठ फिरवली.
देवळालीकडे मालगाडी चालली होती, डबे मोजत राहिले.
मागे एका बोटाची टकटक, पुटपुट,
त्यात आईचं माहेरचं नाव आल्यासारखं वाटलं,
मी आकडा मोठ्यानं म्हटला :
एकेचाळीस.

पेन्शनचे कागद आत गेले, मृत्युपत्र,
एक फोटो, कुणाचा ते विचारलं नाही.
कॅलेंडरचं पान त्यांनी गॅसवर धरलं.

उठताना, सवयीनं,
दोन्ही खिसे उलटून दाखवले मला.
रिकामे.
शिवणीत अडकलेलं शेंगदाण्याचं एक साल.