फुली-गोळा

डबा कंपनीचा. पांढरा, थर्माकोलचा,
सॅल्मन भरून परदेशी जातो तसला.
कोपरा मोडला म्हणून बाजूला टाकलेला,
मी विचारून घरी आणला.
खरं तर विचारलं नाही.

ओव्हिदियोनं झाकणाला काच बसवली,
भिंतीवरच्या फोटोची.
फोटोतले काका तेव्हापासून खणात पालथे.
चाळीसचा दिवा, बोटीच्या केबिनमधला पंखा,
बशीत ओला स्पंज,
आणि बाजारातून आणलेला थर्मामीटर,
जो, पुढं कळलं, अर्धा अंश खोटं बोलत होता.

आमची खुडूक कोंबडी
मंगळवारी शेजारच्या कुत्र्यानं नेली.
मागं उरली बारा अंडी, अजून कोमट.
आमच्याकडं अंडी निळसर असतात,
चिलोएचं आभाळ वर्षातून चारदा दिसतं
तेव्हा दिसतं तशी.
एडेल्मिरा म्हणाली, ऑम्लेट करून टाका.
माझा भाऊ तिच्या ओठांकडंच बघत होता,
तरी ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं.
त्याला ते सोपं जातं.
वीस वर्षं शिंपल्यांसाठी बुड्या मारता मारता
दोन्ही कान तो खालीच विसरून आला.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.
संध्याकाळी तो फिरवायचा,
सकाळी रात्रपाळीहून येऊन मी.
फुल्या वर दिसल्या की समजायचं, तो जेवून झोपलाय.
गोळे वर आले की त्याला कळायचं, मी पोचले.
अडीच आठवडे आम्ही भावंडं एवढंच बोललो.
लहानपणी याच खेळावरून
एकमेकांचे केस उपटले होते.

सातव्या रात्री टॉर्च धरला.
निळ्या टरफलातून काही धड दिसेना.
मग एकात शिरा दिसल्या:
कुणी लाल दोऱ्यानं काही शिवायला घ्यावं
आणि दार वाजलं म्हणून उठून जावं, तशा.
मधोमध एक ठिपका, धडधडणारा.
ओव्हिदियोनं माझ्या मनगटावर बोट आपटलं.
असा. असा. असा.

तीन अंड्यांत नुसताच उजेड होता.
ती बटाट्याच्या वाफ्यात पुरली.

अठरानंतर फिरवायचं नाही, उघडायचं नाही.
हाताला काम नसलं
की माणूस किती किरकिरं होतं!
त्यानं पंख्याचा स्क्रू उगाच पिळला,
मी त्याच्यावर ओरडले,
म्हणजे तोंड मोठं केलं.

एकोणिसाव्या दिवशी वहीत त्याचं अक्षर:
चौथं हललं.
मी काचेला कान लावला.
पंखा. पाऊस. माझंच रक्त.
विश्वास नाही ठेवला.
एकविसावा दिवस कोरडा गेला.
एडेल्मिरा काहीच बोलली नाही,
ते जास्त लागलं.

बाविसाव्या पहाटे मी बूट काढत होते,
एक पायात, एक हातात,
आणि डब्यातून कुणीतरी हाक मारली.
टरफलाला तडा नाही, काही नाही,
आत बसूनच हाक.
मी त्याला हलवून उठवलं,
बोटांची चोच केली, कानाशी नेली,
आणि झटकन हात खाली घेतला, चुकल्यासारखा.
तो हसला.
चार बोटं दाखवली. चौथं.

दुपारपर्यंत सहा बाहेर,
ओल्या लोकरीचे गोळे, आपल्याच पायांवर अडखळणारे.
सातव्यानं एक भोक पाडलं आणि थांबलं.
भोकातून चोचीचं टोक, मधूनच श्वास.
तास गेला. तीन गेले.
मी झाकणाला हात घातला.
ओव्हिदियोनं मनगट धरलं,
पाणबुड्याची पकड, सुटत नाही.
खालून वर येताना घाई केली
की आतल्या आत काय काय फुटतं,
हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.
तेव्हा सांगितलं.

सातवं तसंच ठेवून मी कामावर गेले.
पट्ट्यावरून डबे येत होते,
पांढरे, न मोडलेले,
आत बर्फ, बर्फात मासे.
मुकादमाची पाठ होती.
मी एकाला कान लावला.