सीमान्त उपयोगिता

पार्सल आलं तेव्हा मी कांडी भरत होते.
पोस्टमननं मोटरीच्या आवाजावरून हाक मारली,
आधी कन्नडमध्ये, मग मराठीत,
मग नुसताच हात हलवला.
खाकी कागद, सुतळी, वडगावचं वाडगाव झालेलं,
राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र,
त्यावर लाल पेनाची काट,
काटेखाली कर्नाटक.
सात आठवडे ते कुठंतरी त्या काटेवरच बसून होतं.

आत पुस्तकं तीन. यादीत चार.
पहिलं, दुसरं, चौथं,
आणि तिसऱ्याच्या जागी चिठ्ठी:
साठा संपला, उपलब्ध होताच पाठवू.
त्यालाही आता दिवाळी उलटून गेली.

केंद्र शिनोळीच्या नाक्यापलीकडं, चंदगडला.
पाच रविवार. एक बंदमध्ये बुडाला,
एक मालक सोडेना म्हणून.
तिथल्या सरांनी एका बाईंचा नंबर दिला,
मागच्या साली नाव घातलेलं,
परीक्षेला आल्या नाहीत.

उचगावात इंदुमती मोदगेकर भाकऱ्या थापत होत्या.
पिठाच्या हातानंच फळीवरून पुस्तक काढलं.
म्हणाल्या, ने बाई, परत नको आणूस.
मी विचारलं, का सोडलंत?
सोडलं कुठं, म्हणाल्या. राहिलं.

हिरेमठांच्या झेरॉक्सवर पानाला दीड रुपया,
पानं दोनशे बारा.
हिशोब केला आणि मूळच ठेवून घेतलं,
पिठाच्या बोटांसकट.

पुस्तक बोलतं.
विद्यार्थी मित्रहो, म्हणतं,
हा घटक अभ्यासल्यावर आपल्याला सांगता येईल...
आपल्याला! मागावर मला ए म्हणतात.
मधूनमधून चौकट: आपली प्रगती तपासा,
खाली टिंबटिंबांच्या तीन ओळी.
त्या ओळींत बाईंची पेन्सिल, सावध, शाळेतल्यासारखी.
आणि समासात दुसरंच:
दूध दोन लिटर. भिशी. शकूचा फ्रॉक.
करंट बिल राहिलं.

घटक पाच.
घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत.
सीमान्त म्हटल्यावर मी थांबलेच.
आमच्याकडं सीमा हा शब्द निघाला
की दुकानांची शटरं खाली येतात,
पाट्यांना काळं लागतं,
मामा खटल्याची पुढची तारीख सांगतो.
इथं सीमान्त म्हणजे शेवटची भाकरी.
पहिली सगळ्यात गोड, दुसरी जरा कमी,
पाचवी नकोशी होते, असं पुस्तक म्हणतं,
शेजारी आकृतीत रेघ उतरत जाते.
त्या रेघेच्या टोकाला बाईंनी बारीक लिहिलंय:
पाचवी दिली कुणी?

मी हसले. धागा तुटला.
रत्नव्वा म्हणाली, काय वाचूलीस गं, येवढं हसायला?
सांगितलं.
ती हसली नाही. म्हणाली, खरंच की.

घटक नऊपर्यंत पेन्सिल आहे.
पान एकशे एकतीस, चौकटीतलं उत्तर अर्धं:
मजुरी ही श्रमाची किंमत असून ती
बस्स.
पुढची पानं कोरी, कडेला एकमेकांना जोडलेली,
छापखान्यात कापायची राहिलेली.

रात्री करंट जातो.
सगळ्या गल्लीतले माग एकदम गप्प होतात
आणि कुणाचं तरी खोकणं ऐकू येतं.
मोबाईलच्या उजेडात मी सूत कापायच्या ब्लेडनं
एकेक पान सोडवते.
घटक दहा. घटक अकरा, ह्यातलं काही कळत नाही.
घटक बारा.

पेपर मे महिन्यात.
पहिली बस सहा वीसची, शिनोळीला बदलायची.

त्या अर्ध्या ओळीपुढं मी अजून काही लिहिलेलं नाही.
उत्तर येतं मला,
तीन पानं मागं आहे, तसंच्या तसं.
पण रविवारी उचगावला जाईन म्हणते,
पुस्तक घेऊन, पेन्सिलीला टोक करून.
बघू.
भाकऱ्या थापून झाल्या असल्या तर.