पूलवाल्याची मुलगी

मात्सुमोतोत, सायकलच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
आमचं ऑफिस.
खिडकीतून डोंगर दिसतात, मे उजाडला तरी माथ्यावर बर्फ.
एकोणीस वर्षं झाली, मी इथे
ज्यांच्याशी बोलायची कुणाला गरज नसते
त्यांची वाक्यं लिहिते.

नायकाची वाक्यं उराबे लिहितात.
तलवार, शपथ, पेटलेलं आकाश, सगळं त्यांच्याकडे.
माझ्या वाट्याला पाववाली, टपालवाला,
स्टेशनच्या बाकावरचा म्हातारा,
गाडीला उशीर झाला की खूश होणारा.
आणि पूलवाला.

कथा एक पाऊल सरकली,
म्हणजे राजवाड्यात कुणी एक पत्र उघडलं, एवढंच,
की मला अख्ख्या गावाचं बोलणं बदलावं लागतं.
पाव दोन नाण्यांनी चढतो.
टपालवाला म्हणतो, सरहद्दीकडची थैली आज आलीच नाही.
माझ्या गावात युद्ध असं येतं, आधी पिठाच्या भावात.

उराबे वैतागतात.
"चौथ्या भागापासून युद्धाचं घोंगडं भिजत पडलंय, कुरामोचीसान,
आणि तुमचा पूलवाला अजून लोणच्यावरच आहे."
खरं आहे.
मुरायला वेळ लागतो, असं मी म्हणू शकले असते.
म्हटलं नाही. चहा टाकला.

मग कुशिरोहून पत्र आलं, हातानं लिहिलेलं.
मिनेगिशी नावाचे गृहस्थ, बंदरावर धुक्याचा भोंगा सांभाळायचे,
आता निवृत्त.
"मी सगळ्यांशी बोलल्याशिवाय पुढच्या गावी जात नाही.
वही ठेवतो.
तिसऱ्या भागात पूलवाल्याची मुलगी सात वर्षांची आहे.
पाचव्या भागात, तुमच्याच पंचांगानं दोन वर्षांनी, आठ.
तक्रार नाही.
पण वहीत एक रकाना रिकामा राहिलाय."

जुन्या फाइली काढल्या.
पाचव्या भागातलं गाव मी इनाच्या इस्पितळात लिहिलं होतं,
बहिणीच्या खाटेशेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन.
ती झोपली की लिहायचं,
ती जागी झाली की झाकण मिटायचं.
चेरी कधी फुलली, कधी झडली,
त्या साली मला विचारू नका.

उराबे म्हणाले, "आठाचे नऊ करा.
एक तर आकडा. पुढच्या अपडेटमध्ये टाकू."
मी आठापुढे कर्सर नेऊन ठेवला.
तो लुकलुकत राहिला.
खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, बराच वेळ.

आठ आठच राहिले.

सातव्या भागात शेवटी एकदाचं युद्ध आलं.
आकाश पेटलं, उराबेंनी सुंदर पेटवलं.
सगळे खेळाडू राजवाड्याकडे धावतात, धावावंच तिथे.
पण कुणी मागे वळलं,
पाववालीची गल्ली ओलांडून पुलाशी थांबलं,
बटण दाबलं,
तर पूलवाला लोणच्याबद्दल बोलतो.
पुन्हा दाबलं, पुन्हा लोणचं.
तिसऱ्यांदा दाबलं तर म्हणतो:
"त्या साली नदीनं पूल नेला होता.
पोरगी म्हणते, पलीकडे जाता आलं नाही ते वर्ष धरायचं नाही.
म्हटलं, बरं. नको धरूस."

हिशेब ठेवणाऱ्या यंत्रानं दाखवलं,
पहिल्या महिन्यात एवढं थांबलेले
दोनशे अकरा.
उराबेंनी आकडा दोनदा वाचला, बोलले नाहीत.
आठव्या भागाच्या आराखड्यात
त्यांनी त्या नदीला नाव दिलंय.

मार्चमध्ये कुशिरोहून पोस्टकार्ड आलं.
बंदराचा फोटो, पण धुक्यात, म्हणजे जवळजवळ कोराच.
मागे लिहिलंय, रकाना भरला.
आणि खाली, बारीक अक्षरात:
लोणचं कशाचं, ते मात्र सात भागांत कळलं नाही.

मलाही माहीत नाही.
आठव्यात बघू.