बोटभर

सुराबायाहून दोन रात्री बोटीनं,
मग लाकडी बाकांच्या ट्रकमध्ये आठ तास,
मांडीवर कुणाचा तरी कोंबडा, पायाशी सिमेंटची पोती,
आणि पोटाशी धरलेली रेक्झिनची बॅग:
बँकेतल्या एकतीस वर्षांची पुंजी,
निम्मी मुदतठेव मोडून आणलेली.

गोलो वेरांगला उतरले तेव्हा धुकं एवढं
की गाव आहे हे कुत्र्यांच्या भुंकण्यावरून कळलं.

विचारलं, जमिनीचा भाव काय?
कॉफीला बरी, उताराची, पाण्याजवळची,
चौरस मीटरला किती?
योहानेस हादुर सुपारी चघळत राहिले.
जमीन वाटणारा गावात एकच, आणि तो हा,
एवढं ट्रकवाल्यानं सांगून ठेवलेलं.
शेवटी थुंकले, म्हणाले,
"इथं मीटर नाही. इथं बोट."

मला वाटलं, बोट दाखवून सांगतायत, तिकडे बघ.

शेत त्यांचं गोल. मधोमध एक खुंट.
अंगठी जरा मागे सरकवून
हादुर उजव्या हाताचं ते बोट खुंटावर आडवं ठेवतात.
एक बोट या घराला, दोन त्या घराला,
विधवेला तिचं तिला,
आणि तिथून रेघा सुटतात डोंगर उतरत
कोळ्याच्या जाळ्यासारख्या.
मध्यावर बोटभर असतं
ते कडेला पोचेस्तोवर म्हशी चरतील एवढं होतं.
चक्रवाढ व्याज मी आयुष्यभर लोकांना समजावलं,
असं जमिनीवर पसरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

विकत मिळत नाही. मागता येतं.
माडीचा घडा न्यायचा, नगाऱ्याच्या गोल घरात बसायचं,
आणि हातात कोंबडा धरून बोलायचं.
कागदावर लिहून नेलेलं सगळं विसरले.
"म्हातारपणी काहीतरी लावावंसं वाटतं,"
एवढंच बाहेर पडलं.
कोंबडाही गप्प होता.
मला अर्धं बोट मिळालं.

अर्ध्या बोटात मावली दोनशे दहा रोपं.
वही घातली, सवयीनं.
नावे: कोर्नेलियाच्या भाच्याच्या लग्नाला एक डुक्कर.
नावे: शाळेचे पत्रे.
नावे: मयताला तांदूळ. पुन्हा मयताला तांदूळ.
जमा: फणस, रताळी,
तापात रात्रभर कुणीतरी उशाशी बसलेलं,
नाव विचारायचं राहिलं.
तीन वर्षं कॉफी नाही. चौथ्या वर्षी आली
तर भाव पडलेला.
मुलगा फोनवर म्हणाला, आई, परतावा काय?
सिग्नल लागतो चर्चमागच्या दगडावर, तोही एका पायावर,
म्हणून थोडक्यात सांगितलं: येतोय.

हादुर गेले त्या सप्टेंबरात.
पुढच्या वर्षी वरच्या अंगाचं रान उघडायचं ठरलं,
पण मोजणार कोण?
मुलगा तार्सिसिउस मलेशियातून परतलेला,
नेमकं तेच बोट पामतेलाच्या गिरणीत ठेवून.
करंगळीनं मोजू? म्हणाला.
आधी कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.
लोंगिनुसचं बोट फार जाड,
सात घरांतच रान संपेल.
मास्तरांचं खडू धरणारं,
त्यात रताळं आडवं होणार नाही.
भांडता भांडता माडी संपली, कंदील कमी केले.
टेप माझ्या बॅगेत होती, पन्नास मीटरची, जर्मन.
मी बॅगेला हात लावला नाही.

सकाळी खुंटाभोवती सगळे उभे, झोप न झालेले.
कोर्नेलियानं गळ्यातल्या दोऱ्यातून
नवऱ्याची अंगठी काढली,
खुंटावर आडवी ठेवली,
आणि आतल्या पोकळीवरनं नख फिरवत म्हणाली,
एवढं.