अंगठा

नियम माझा नाही, वरून आलाय:
वीस मिनिटं वाचलं की एक दाणा.
भिंतीवर पुठ्ठ्याचं भलंमोठं कणीस,
खाली डबाभर पिवळे कागदी दाणे, डिंकाची बाटली.
ऑगस्टपर्यंत कणीस भरलं
तर बंबवाला ड्वेन येऊन सगळ्यांना नळीनं भिजवणार.
नेब्रास्कातल्या आमच्या एवढ्याशा गावाला
एवढं आमिष पुष्कळ झालं.

पहिल्याच आठवड्यात मरिसेला आली, वय नऊ,
काखेला दीड वर्षाचा भाऊ.
"मी याला वाचून दाखवलं. पण हा झोपला.
झोपलेल्याची मिनिटं धरतात का?"
मी नियमांचा कागद उलटापालटा केला.
झोपेविषयी त्यात अवाक्षर नव्हतं.
दोन दाणे दिले. एक तिचा, एक त्याचा.

लिबानची आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
दिवसा तिला झोप हवी,
म्हणून ही चौघं भावंडं
मी कुलूप काढायच्या आधीच पायरीवर हजर.
लिबान ट्रकचं पुस्तक वाचतो.
एकच. आजवर सात वेळा.
त्याच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता याला पुढचं काहीतरी द्या.
मी म्हटलं, दर रविवारी तुम्ही तीच प्रार्थना म्हणता,
देव म्हणतो का, आता पुढचं काहीतरी म्हणा?
बाई रागावल्या.
लिबान आठव्यांदा पान एकवर गेला.

मोठ्या पोरांचं मात्र अवघड.
जुलैत ती मक्यात असतात, तुरे खुडायला.
पहाटे पाचला बस, दवानं चिंब बाह्या,
पात्यांनी ओरखडलेल्या माना.
कोल्बी त्यांतलाच. पंधरा वर्षांचा.
दुपारी दोनला दारात उभा राहिला, बुटांना चिखल.
"एसी फुकट आहे ना?"
फुकट आहे, म्हटलं.

आठ दिवस तो खिडकीजवळच्या खुर्चीत
नुसता बसून होता.
मी काही बोलले नाही.
तीस वर्षांत एवढंच शिकले आहे:
हातात पुस्तक कोंबलं की मूठ मिटते.
फक्त मला जरा आळस चढला.
परत आलेली पुस्तकं फळीवर लावायची सोडून
त्याच्या कोपराशी ठेवू लागले.
सोमवारी वादळांचं. मंगळवारी बुडालेल्या जहाजांचं.
बुधवारी एका मुष्टियोद्ध्याचं, निम्मं कव्हर फाटलेलं.
गुरुवारी ढीग थोडा तिरका झाला होता.
शुक्रवारी, जहाजांच्या पान तीनवर,
परागांनी माखलेला एक अंगठा.
पिवळा. अगदी स्पष्ट.

जिथे अक्षर येत नाही तिथे माणसं अंगठा उठवतात.
हा उलटाच अंगठा होता.
मी तो पुसला नाही.

दाणा पुढे केला तर म्हणाला,
"हे लहान पोरांचं आहे."
बरं, म्हटलं, आणि दाणा खिशात टाकला.

मग तुरे संपले, बस थांबली,
कोल्बी यायचा थांबला.
जहाजंही फळीवरून गेली होती. नोंद कुठेच नाही.
वरून विचारणा झाली: एक पुस्तक कमी आहे?
मी लिहिलं: वाचनात आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी
कणसाला बेचाळीस जागा रिकाम्या होत्या.
ड्वेननं त्या मोजल्या, मान हलवली,
आणि तरीही नळी सोडली.
मरिसेलाचा भाऊ पाण्याखाली एवढा किंचाळला
की लिबाननं पुस्तकातून डोकं वर काढलं.

सोमवारी सकाळी परतीच्या पेटीत
जहाजं पडलेली होती.
पान अकरावर अंगठा. चाळीसवर. एकशे सहावर.
तिथून पुढे काही नाही.
तिथेच सोडलं असेल,
की हंगाम संपला, म्हणून हात स्वच्छ?

मी शेवटचं पान उजेडात धरून बघितलं.
मग खिशातला दाणा काढला, चुरगळलेला,
आणि डिंकाची बाटली उघडली.